नुसतं बघत बसा

खोक्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईला सगळे तारबाई म्हणत. गळ्यात वायरींचं वेटोळं आणि जिभेला धार, अशी तिची ख्याती. रागवायची पटकन आणि विसरायचीही पटकन. एका माणसावर मात्र तिने डूख धरला होता आणि तो पोटच्या पोरासारखा जपला होता.

तो माणूस म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. माणूस खुर्चीत दिसला तरच तो काम करतो, हा त्यांचा सिद्धांत, म्हणून पाठीमागे त्यांचं नाव खुर्चीसाहेब. रिकामी खुर्ची दिसली की चोरी झाल्यासारखे तिच्यापाशी उभे राहायचे.

मागे तारबाईच्या आईला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, हातपाय गेले, राहिले फक्त डोळे. लेक खोलीत जाईल तिकडे ते फिरायचे. तारबाईने साहेबांना विनवलं, ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवता येईल अशी सोय मीच उभी करते, काम तसूभर मागे पडणार नाही, मला आईजवळ बसू द्या. साहेबांनी मान वर केली नाही.

"घरी काय करणार तुम्ही? नुसतं बघत बसाल."

आई गेली तेव्हा तारबाई हिशेब विभागातल्या प्रिंटरची वायर बदलत होती. शेजारीण म्हणाली, डोळे शेवटपर्यंत दाराकडे होते.

आणि आता खुर्चीसाहेबच न्हाणीघरात घसरले, मांडीचं हाड मोडून घरी पडले. त्यांच्या खुर्चीत साहाय्यक बसू लागला आणि ती त्याला चांगलीच मानवली. हे साहेबांच्या कानावर गेलं. घरून काम जमलं नाही तर खुर्ची हातची गेलीच. त्यांनी मालकांना गळ घातली, मालकांनी तारबाईला बोलावलं. तीन कंटेनर लावावे लागतील, असं ती म्हणताच मालकांनी खिडकीतून आवारात बघितलं आणि एवढे उभे कुठे करणार म्हणून विचारलं.

मग तिने समजावलं. हे कंटेनर सर्व्हरच्या आतले, आपापल्यापुरते बंद डबे. एकात बाहेरचं दार, दुसऱ्यात ऑफिसचा पडदा घरच्या ब्राउझरला समजावणारा दुभाषा, तिसऱ्यात कोणाला कुठवर आत घ्यायचं ते. सगळं आपल्याच सर्व्हरवर, बाहेरच्या कोणाचं मिंधं राहायला नको. मालक खूश झाले.

काम तिने मन लावून केलं. दाराला पक्कं कुलूप घातलं, डबे एकमेकांशी बोलते केले. साहेबांचं नाव भरताना समोर एक छोटा चौकोन आला: फक्त पाहण्यासाठी. तिने त्यात खूण केली. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. मालकांना कळलं असतं तर नोकरी गेली असती. तरीही बरं वाटलं.

सकाळी साहेबांनी घरी पडल्या पडल्या ब्राउझरमध्ये ते दार उघडलं. त्यांचाच कॉम्प्युटर, पण त्यावर हात फिरत होता साहाय्यकाचा. त्याने साहेबांच्या फायली इकडच्या तिकडे केल्या, पडद्यावरचं साहेबांचं चित्र काढून स्वतःचं लावलं. नंतर एका मोठ्या ऑर्डरच्या खोक्याची उंची चुकीची टाकली. साहेबांनी माउस आपटला, बटणं बडवली. पडद्यावर काही ढिम्म हललं नाही. चुकीचं माप कटाई विभागाकडे गेलं, साहेबांच्याच नावाने. दुपारी साहेबांचा फोन आला.

"अहो, सगळं दिसतंय, पण हात चालत नाही. तो माझ्या डोळ्यांदेखत वाट्टेल ते करतोय. किती तडफड होते, तुम्हाला कल्पना नाही."

तारबाईने हातातली वायर खाली ठेवली. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. तिने तो चौकोन उघडला, माउस खुणेवर नेला. एक क्लिक, की साहेब सुटले असते.

"साहेब, ही सोय मी एकदा मागितली होती. आईसाठी."

"तुम्ही? तुमच्या आई आजारी होत्या का कधी?"

तारबाईने माउसवरचा हात काढून घेतला.

"दिसतंय ना सगळं? मग नुसतं बघत बसा."

तिने फोन ठेवला, वायरींचं वेटोळं गळ्यात टाकलं आणि हिशेब विभागात निघाली. तिथला प्रिंटर पुन्हा बंद पडला होता.