सुरणाचं फूल आणि शेजारचा साखरपुडा

वैशाखातला शनिवार, सकाळची वेळ. सामाईक चेंबर उघडून साफ करण्याचे चारशे रुपये ठरले, निम्मे शेजाऱ्यांचे, निम्मे आमचे. हजर मी, माझी बायको, शेजारी आणि साफ करणारा माणूस.

भिंगारमध्ये आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत. आदल्या संध्याकाळपासून मेलेल्या उंदराचा वास येत होता. शेजाऱ्यांच्या मते तो आमच्या मोरीचा होता. मी त्यांनी टाकलेल्या उंदराच्या औषधाचा विषय काढला होता. रविवारी त्याच अंगणात त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता, त्यामुळे दोघांचाही आवाज जरा चढला होता.

चेंबर स्वच्छ निघालं. पैसे घेऊन माणूस गेला, वास राहिला. तेवढ्यात बायको टाकीमागच्या कुंड्यांना पाणी घालायला गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली.

कापलेल्या निळ्या ड्रममध्ये तिने सुरण लावलेलं आहे. अकोल्याहून तिच्या आईने लिंबाएवढा कंद दिला होता आणि चांगला मोठा होईपर्यंत खाऊ नका, असं बजावलं होतं. पावसाळ्यात त्याला छत्रीसारखं एकच पान येतं, ठिपक्याठिपक्यांच्या दांड्याचं. रस्त्याने जाणारे थांबून फोटो काढतात. फूल मात्र कधी आलं नव्हतं. कोंब दिसला तेव्हा आम्ही तो पानाचाच समजलो होतो. आता तिथे कोबीच्या गड्ड्याएवढं, वांग्याच्या रंगाचं, झालरीच्या कडांचं फूल उमललं होतं. मधोमध सुरकुतलेला गोळा आणि त्यावर माश्या.

शेजारी नाकाला रुमाल लावून बघून गेले. परत आले ते कोयता घेऊनच.

"वहिनी, उद्या व्याही फाटकातूनच माघारी जातील."

"भाऊजी, आईनं दिलेलं आहे. कापायचं नाही," बायको म्हणाली. "हलवायचं तर आत्ता हलवा."

नगरच्या टोकाला मेहुण्याचा मोकळा प्लॉट आहे. शेजाऱ्यांनी कोयता पायरीवर ठेवला आणि ड्रमची एक बाजू धरली. दुसरी मी धरली. रिक्षावाल्याने आधी शंभर सांगितले होते. ड्रम जवळ आल्यावर तो खाली उतरला.

"काका, ह्यात काय मेलंय का?"

"फूल आहे."

"असं फूल मी न्हाई पाहिलं. दीडशे होतील."

ते मी दिले.

साखरपुडा नीट झाला. जेवताना मुलीच्या सासूबाईंनी आमच्या ओट्यावरच्या मोगऱ्याचं कौतुक केलं. सुरणाचा विषय कोणी काढला नाही.

मंगळवारी ड्रम परत आणला. फूल मान टाकून पडलं होतं, वास उरला नव्हता. मी पाकीट काढेपर्यंत शेजारी फाटकाशी आले होते. परतीचे शंभर रुपये त्यांनी रिक्षावाल्याला दिले.