घरी बसायचा पगार

इजिप्तमधल्या अल-महल्ला शहरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात इन्शिराहचं नाव दोन वर्षं होतं, इन्शिराह नव्हती. शंभर कामगारांमागे पाच अपंग घ्यायचे, असा कायदा. मालकांनी त्यातूनही पळवाट काढली. पोलिओनं एक पाय गेलेली पोर कागदावर घेतली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "घरी बस, पगार पोचेल." वर उपकार केल्याचा आव! शिवणकामाच्या वर्गात पहिली आलेली इन्शिराह आईशेजारी मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसायची. तिच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं, तिचा साधा खाडासुद्धा लागत नव्हता. याचाच तिला फार राग यायचा.

आज सकाळी कारखान्याची गाडी दारात आली. सरकारी तपासणी होती. मॅनेजर रिफअतनं तिला एका शिलाई मशीनवर नेऊन बसवलं.

"काम करतेस का विचारलं, तर हो म्हणायचं. खरं बोललीस तर पगार बंद. मग आईचं इन्सुलिन कुठून आणतेस बघ."

शेजारच्या मशीनवरची उम्म हानी पुटपुटली, "अगं, तू खरीच आहेस की! आम्हाला वाटलं, नुसतं नावच आहे."

इन्शिराहला हसू आलं नाही. खरं बोललं तर आईचं औषध तुटणार, खोटं बोललं तर पुन्हा मुलुखिया.

तपासनीस बाई थेट तिच्यापाशी येऊन थांबल्या. मागे रिफअत, डोळे वटारून.

"इथे काम करतेस?"

"हो."

रिफअतच्या जिवात जीव आला. इन्शिराहनं कुबडी बाजूला सारली, टॉवेल सुईखाली घेतला आणि चांगल्या पायानं पेडल दाबलं.

"रोज सातला येते, मॅडम. याच मशीनवर असते. कधीही न सांगता या. दिसले नाही, तर साहेबांना विचारा."

बाईंनी रिफअतच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"येईन," त्या म्हणाल्या. "न सांगताच येईन."

त्या फाटकाबाहेर पडल्या. मग रिफअत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिनं शिवण थांबवली नाही.

"कोणी पढवलं तुला हे?"

"तुम्हीच म्हणालात, हो म्हण."

उम्म हानीला एकाएकी खोकला आला. रिफअतनं दातओठ खाल्ले.

"उद्या सातला," तो म्हणाला. "पाच मिनिटं जरी उशीर झाला, तर खाडा लावीन."

इन्शिराहनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, टॉवेलचा काठ दिसत नव्हता.