सुटातल्या माणसाचा सत्कार

शाल घातली ती मी चुकीच्या माणसाला. घरी आमदारकीचा उमेदवार येणार म्हणून सकाळपासून भाषण घोकत होतो. गाडी थांबली आणि तिच्यातून करड्या सुटातला, पिकल्या केसांचा जो पहिला माणूस उतरला त्याच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, कपाळाला कुंकू असं सगळं मी उरकून टाकलं. त्यानेही निमूटपणे मान पुढे केली. मागून लेक दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट हिम."

खरा उमेदवार मागून आला. जीन्स, दुमडलेल्या बाह्या, आणि वाटेत आडवी पडलेली आमचीच खुर्ची त्याने उचलून घेतलेली. ती गॅरेजमध्ये ठेव, असं मी त्याला सांगूनही मोकळा झालो होतो.

सुटातला माणूस म्हणजे उमेदवाराचा 'जुना मित्र' निघाला. काय करता विचारलं तर म्हणाला, गव्हर्नमेंट रिलेशन्स. म्हणजे लॉबिस्ट, कंपन्यांकडून पगार घेऊन आमदारांकडे वशिला लावणारा. आपल्याकडे हे काम लोक निदान लपूनछपून करतात. इथे त्याचं व्हिजिटिंग कार्ड असतं, आणि तेही चांगलं जाड कागदाचं.

आता या उमेदवाराला बोलावलंच कशाला, तर आमच्या आधीच्या एका आमदारामुळे. इथे अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या आमच्या घरामागच्या रस्त्यावरून सारखे मालाचे ट्रक जातात; कपाटातल्या बरण्या थरथरतात. हे ट्रक दुसरीकडे वळवतो, असं सांगून त्या आमदाराने आमची मतं घेतली. बायको त्याच्यासाठी थंडीत दारोदार फिरली, पाय घसरून पडलीसुद्धा. त्याची आमदारकी संपली, बर्फ वितळायच्या आत हा गृहस्थ ट्रकवाल्यांचाच लॉबिस्ट झाला! बायकोने ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून ती गावातल्या दोन-चार बायकांबरोबर प्रत्येक उमेदवारापुढे एक कागद ठेवते. लॉबिस्टकडून भेटी आणि जेवणं घेणार नाही, पद सोडल्यावर दोन वर्षं लॉबिंग करणार नाही आणि तसा कायदा व्हावा म्हणून मत देईन. खाली सही. तिला त्या दिवशी ती सही हवी होती. बाकी आम्ही सगळे, म्हणजे चार मराठी कुटुंबं आणि बटाटेवडे, नुसती सजावट.

वडे उमेदवाराने मनापासून खाल्ले. कागदही वाचला, म्हणजे वाचताना दिसेल अशा बेताने समोर धरला. "आय ॲम विथ यू, हंड्रेड पर्सेंट," तो म्हणाला. "स्वच्छ राजकारणासाठीच तर मी उभा आहे."

"मग इथे सही करा," बायकोने पेन पुढे केलं.

त्याने पेन घेतलं. ते कसं छान चालतं हे सांगितलं. मग हळूच सुटाकडे पाहिलं. खांद्यावर शाल, कपाळावर कुंकू अशा थाटात बसलेल्या त्या माणसाने बशीतली चटणी पुसता पुसता मान अगदी जराशी हलवली. मला वाटलं वडा नको म्हणतोय, म्हणून मी ताट पुढे नेलं. उमेदवाराला मात्र बरोबर कळलं. त्याने पेन खाली ठेवलं.

"दोन वर्षांची अट जरा... तत्त्वतः मान्यच आहे. पण टीमशी बोलावं लागेल."

"टीम कुंकू लावून बसली आहे ना समोर," आमचे नागपूरचे मित्र मराठीत म्हणाले. "काहून नाही विचारत हा त्याले?"

"नसेल करायची तर नाही म्हणा," बायको म्हणाली. "मी 'नाही' असं लिहून घेते. त्यालाही जागा आहे कागदावर."

"नो, नो! मी नाही म्हणतच नाहीये."

मी इथे इतकी वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासतोय. ब्रेक लागतो किंवा लागत नाही. तत्त्वतः लागणारा ब्रेक घेऊन कोणी माझ्याकडे आला, तर मी त्याला गाडी रस्त्यावर आणू देणार नाही. राज्य मात्र चालवायला देतो आपण, वर खायलाही घालतो.

वर खायलाही घालतो हे अगदी शब्दशः. कारण निघताना सवयीने मी उरलेल्या वड्यांचा डबा भरला आणि उमेदवाराच्या हातात दिला. भेटी घेणार नाही, असं लिहिलेला कागद अजून टेबलावर तसाच होता. डबा त्याने टीमला न विचारता घेतला. शाल सुटाबरोबर गेली.

दार लावून आलो, तर बायको बिनसहीचा कागद पिशवीत ठेवत होती. मी म्हटलं, "अगं, शाल तरी परत मागायला हवी होती."

"उद्या समोरच्या पक्षाच्या बाईंकडे जायचंय," ती म्हणाली. "तू गाडी चालव. आणि गाडीतच बस."