सतराचा पाढा

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि डी.एड.च्या मैत्रिणींना तर नाहीच — त्यांना मी वेगळंच सांगून ठेवलंय. जूनपासून एका शाळेत शिकवायला लागणार आहे, गणित मी स्वतः मागून घेतलंय, घरात सगळे खूश. मीच तेवढी धड एका जागी बसत नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

गणिताची मला शाळेपासून धास्ती. दहावीत काठावर पास. पण डी.एड.ला सगळेच विषय शिकवावे लागतात, तिथे सुटका कुठली? दुसऱ्या वर्षी रहाटणीतल्या एका शाळेत सहावीवर सरावपाठ होते. पाठ चालू असताना आमच्या कॉलेजच्या मॅडम मागच्या बाकावर बसून शेरा लिहितात. म्हणून आम्ही सगळ्याच एक करायचो — आदल्या दिवशी दोन-तीन चुणचुणीत मुलांना प्रश्न आणि उत्तरं सांगून ठेवायची. मग वर्ग कसा छान रंगतो! लबाडी म्हणाल? आम्ही तिला तयारी म्हणायचो.

माझा पाठ अपूर्णांकांच्या भागाकाराचा. एक द्वितीयांश भागिले एक चतुर्थांश. दुसरा अपूर्णांक उलटा करा, गुणा, उत्तर दोन. ठरलेली मुलं पोपटासारखी बोलली. आणि मग न ठरलेला एक हात वर आला. कोमलचा. वडील चाकणला कंपनीत, घर नुकतंच लातूरकडून इकडे आलेलं.

“बाई, भागलं की कमी व्हतंय ना? हे तर वाढलंय.”

किती सरळ प्रश्न! आणि मला — खरं सांगते — उत्तर माहीत नव्हतं. उलटा का करायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मागे मॅडमचं पेन थांबलं. ‘उद्या बघू’ एवढं म्हणता आलं नसतं का? मी तिला उभं ठेवलं आणि सतराचा पाढा म्हणायला लावला. सतराचाच का? कारण तो मलाही धड येत नव्हता. सतरा पाचे पंच्याऐंशीपाशी ती अडली. वर्ग हसला. मी हसू दिलं. वर म्हणाले, “आधी पाढे, मग शंका.” मॅडमनी शेरा लिहिला — वर्गनियंत्रण उत्तम.

रविवारी जेवताना ताटात अर्धी भाकरी होती. तिचा चतकोर मोडला आणि हात तिथेच थांबला. अर्ध्या भाकरीत चतकोर किती? दोन! भागणं म्हणजे कमी करणं नव्हेच — एकात दुसरं किती वेळा बसतं, ते बघणं. मी एकटीच हसत सुटले. मग वही घेऊन एकामागून एक उदाहरणं सोडवली, आणि जन्मात पहिल्यांदा गणिताची भीती वाटली नाही. आज लोकांना माझ्यात जो आत्मविश्वास दिसतो ना, तो त्या पोरीच्या प्रश्नातून आलाय.

सोमवारी मैत्रिणींना मात्र मी काय सांगितलं? कोमलने विचारलं, मी तिला शाब्बास म्हटलं आणि तिथल्या तिथे भाकरीने समजावलं. त्या दुसऱ्या वर्गांवर होत्या, त्यांना काय कळणार? परवा मुलाखतीतही हेच सांगितलं. समोरचे तिघंही भारावले. नोकरी त्याच गोष्टीवर लागली.

पण खरं सांगायचंय ते हेही नाही.

सरावाच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्या शाळेबाहेर बसची वाट बघत होतो. कोमल पळत आली. हात मागे बांधून, कुणी काही न विचारता, सतराचा पाढा म्हणू लागली. सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत, कुठेही न अडता. मैत्रिणी कौतुकाने बघत होत्या. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आता विचारू का, बाई?”

उत्तर मला येत होतं. अगदी ओठांवर होतं. पण तिने तो प्रश्न पुन्हा विचारला असता, तर मैत्रिणींना रचून सांगितलेली माझी शाब्बासकी सगळ्यांदेखत उघडी पडली असती. मी म्हणाले, “नंतर हं, बस आली.” आणि रस्त्याकडे तोंड फिरवलं.

बस आली नव्हती. तिलाही ते दिसत होतं.