स्टीमच्या व्हॉल्व्हखालची चप्पल

"ते चप्पल उचल आधी," सुपरवायझर म्हणाले. "पार्टी येऊन राहिली माल पाहाले. देवळात आला का बे तू?"

मी स्टीमचा व्हॉल्व्ह उघडणारच होतो. डाव्या पायातली चप्पल नेहमीसारखी व्हॉल्व्हखाली काढून ठेवली होती.

"साहेब, ती मला तिथंच लागते."

"सेफ्टी शूज घाल. दोन्ही पायात."

तुमसरजवळच्या एका राईस मिलमध्ये मी उकड्या तांदळाच्या टाकीवर ऑपरेटर होतो. इथं त्याला उसना म्हणतात. धान गरम पाण्यात भिजवायचं, पाणी सोडून द्यायचं, मग टाकीत खालून वाफ द्यायची. वरच्या तोंडातून वाफ जोरात निघायला लागली की व्हॉल्व्ह लगेच बंद. उशीर झाला की दाणा फुटतो, तांदूळ लाल पडतो, पार्टी माल उचलत नाही.

माझं गाव जत तालुक्यात, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. शाळा सातवीत सुटली. मास्तर म्हणायचे लक्ष नाही, घरचे म्हणायचे आळशी. पुढं प्रत्येक कामावर तेच ऐकलं आणि प्रत्येक काम गेलं. इथं आल्यावरही एक टाकी बिघडवली. पण या शेठनी हाकललं नाही. सुट्टी देऊन भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. ते उपकार मी आजही मानतो.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अटेन्शन डेफिसिट, म्हणजे लक्ष टिकत नाही. मोठ्या माणसांनाही असतो म्हणाले. मिलमध्ये येऊन मी ते सगळ्यांना सांगितलं. त्यांनी गोळी सुरू केली आणि काम हातून सुटू नये म्हणून नागपूरच्या एका कोच मॅडमचा नंबर दिला. कोचिंग म्हटल्यावर मला शाळाच आठवली. परत फळा, परत मास्तर. पण मॅडम काही शिकवायच्याच नाहीत. फोनवर नुसतं विचारायच्या. "काम कुठं सुटलं? त्याच्या जरा आधी काय चाललं होतं?"

मी सांगितलं, वाफ सोडली, कोणीतरी हाक मारली, मी गेलो. मोबाईलचा अलार्म मिलच्या आवाजात ऐकू येत नाही.

"मग कशाशिवाय तुम्हाला चार पावलंही चालता येत नाही?"

"चपलेशिवाय," मी म्हणालो. दोघंही हसलो. टाकीखालची फरशी ओली आणि कढत असते. एका चपलेवर निघालं की पाय पोळतो आणि व्हॉल्व्ह आठवतो.

"झालं की मग," मॅडम म्हणाल्या. "हे तुम्ही शोधलंत हं, मी नाही." असं मला आधी कोणी म्हटलं नव्हतं.

मिलमध्ये चेष्टा झालीच. हमालांचे मुकादम मेश्रामभाऊ ओरडायचे, "पाहा रे, जावयाचं एक चप्पल सालीनं लपवलं!" हसू दे. पूर्ण हंगामात माझ्या हातून एकही टाकी बिघडली नाही.

सुपरवायझरांनी चप्पल उचलायला लावली त्या दिवशी बूट घातले. बुटात फरशी कळत नाही. म्हणून ठरवलं, व्हॉल्व्हवरचा हात काढायचाच नाही. पार्टी आली. सुपरवायझर त्यांना घेऊन माझ्याशेजारी येऊन थांबले.

"जा रे, ड्रायरवरून सॅम्पल घेऊन ये."

"साहेब, स्टीम चालू आहे. मेश्रामभाऊंना पाठवा ना."

"तुले सांगून राहिलो न मी? जा. मी उभा आहो इथं, मी करतो बंद."

मी गेलो. परत आलो तेव्हा वरून वाफेचा लोट निघत होता. सुपरवायझर व्हॉल्व्हला पाठ करून पार्टीला नव्या पॉलिशरचे गुण सांगत होते. मी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. टाकी गेली होती.

शेठसमोर सुपरवायझर म्हणाले, "तुम्हाले तं माहीतच आहे शेठ, याले तो ध्यानाचा रोग हाय. याच्या भरोशावर कायले ठेवता टाकी?"

मी म्हणालो, "साहेबांनी मला पाठवलं होतं."

शेठनी मेश्रामभाऊंकडं पाहिलं. टाकीपाशी ते शेजारीच होते, सगळं ऐकलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

"देख भाऊ," शेठ मला म्हणाले, "तुझी चूक नाही रे. बीमारीच तशी आहे. काढत नाही तुले. बारदान्यावर बस." बारदाना म्हणजे रिकामी पोती. झटकायची, फाटकी वेगळी काढायची. पगार कमी. मी हात जोडले, कारण दुसरीकडं कुठं जाणार?

बाहेर मेश्रामभाऊ म्हणाले, "बोललो असतो तं माह्या हमाल पोरायचं काम गेलं असतं, भाऊ. राग नोको मानू."

राग मानला. अजून आहे.

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची पद्धत चुकली नाही."

"नाही मॅडम," मी म्हणालो. "टाकीच गेली हातातून."

कोचिंगचा उपयोग होतो. मला झाला, ज्याला हा त्रास आहे त्यानं जरूर करावं. फक्त कामावर आजाराचं नाव सांगण्याआधी एवढं बघावं, की तिथं चूक झाल्यावर ती कुणाची हे कोणी विचारतं का. आमच्याकडं आता विचारत नाहीत.