शिमग्याच्या सोमवारची नोंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माझ्या मार्गदर्शक सरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे – तेही धड कळत नाही. आज सोमवार आहे आणि सकाळपासून माझी नजर सारखी फोनकडे जाते आहे.

मी महाडला कॉलेजात भूगोल शिकवते. नावामागे डॉक्टर लागून तीन वर्षं झाली. माझा प्रबंध पोलादपूरच्या डोंगरातल्या झऱ्यांवर – कुठला झरा कधी आटतो, किती आटतो. कोरडं वाटतं ना? पण त्यातला एक तक्ता सगळ्यांना फार आवडला. उमरठच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला झरा, आणि त्याच्या दर सोमवारच्या नोंदी. दोन वर्षांत एकही सोमवार चुकलेला नाही.

त्या नोंदी मी घेतलेल्या नाहीत. भिकूदादांनी घेतल्या.

भिकूदादा त्या वाडीतले शेतकरी, तेव्हाच सत्तरीला टेकलेले. तरुणपणी मुंबईत गोदामात हमाली केलेली, त्यामुळे पेट्यांवरचे आकडे वाचता यायचे, अक्षर मात्र एकही नाही. मी त्यांना एक बादली आणि एक स्टॉपवॉच देऊन ठेवलं होतं. बादली भरायला किती वेळ लागतो ते बघायचं, मग रेंज मिळते त्या कातळावर चढून मला फोन करायचा. "एक मिनिट बावीस. लिवलंस ना गो बाय?" एवढंच बोलणं. मी इकडे पंख्याखाली बसून लिहायची.

यात लपवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं – हेच तर!

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक कोकणातलेच निघाले. तक्त्यावरून फिरणारं त्यांचं बोट एका तारखेवर थांबलं. हा तर शिमगा, ते म्हणाले, गावात पालखी नाचत असताना डोंगरावर पाणी कोण मोजत बसलं होतं? ते हसत विचारत होते. पण मी घाबरले. एका निरक्षर म्हाताऱ्याने मोजलं म्हणावं, तर परीक्षक तक्ताच उडवतील – आणि तो उडाला तर प्रबंधात राहिलं काय? मी म्हणाले, "मीच, सर. पालखीच्या पाया पडून वर गेले." पालखीच्या पाया पडून गेल्याचं भिकूदादांनी मला त्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. तेसुद्धा मी उचललं. परीक्षक खूश झाले, संशोधन असं करावं म्हणाले. आणि दुरुस्त्यांच्या यादीत त्यांनी एक ओळ घातली – नोंदी कोणी घेतल्या ते तिसऱ्या प्रकरणात स्पष्ट लिहावे.

तोंडून गेलेलं खोटं घाबरून गेलं, असं म्हणता येईल. पण दुरुस्त्यांना मला महिना दिला होता. महिनाभर कोण घाबरवत होतं मला? नकाशाचं प्रमाण, संदर्भसूचीतल्या चुका – बाकीचं मी चार दिवसांत उरकलं. ती एक ओळ राहिली. रोज फाइल उघडायची, बंद करायची. शेवटी लिहिलं – 'सर्व नोंदी संशोधिकेने स्वतः घेतल्या आहेत.' मग ऋणनिर्देश जुळेना, तिथे भिकूदादांचे नोंदींबद्दल आभार होते. त्यांचं नाव काढलं, 'वाडीतील ग्रामस्थ' केलं. सरांनी विश्वासाने सही केली. पुढे एकदा सर दुसऱ्या एका विद्यार्थ्याला सांगत होते, गावातल्या माणसाने मोजलं तरी चालतं, फक्त तसं लिहायचं. मी शेजारीच बसले होते.

इथवरच असतं तर – नाही, इथवरसुद्धा वाईटच. पण पुढचं ऐका.

बांधलेली प्रत आणि पेढ्यांचा पुडा घेऊन मी वाडीवर गेले. मिरवायला, दुसरं काय! दादांनी हात धुतले, पंच्याला पुसले, मग प्रत मांडीवर घेतली. "माजं नाव हाय ना गो बुकात? कुठं हाय, दाव." मुलगा-सून मुंबईला, घरात वाचणारं कुणी नाही – हे मी आल्याआल्या बघून घेतलं होतं. मी ऋणनिर्देश उघडला, त्यांचं बोट धरलं आणि सरांच्या नावावर ठेवलं. "हे बघा." त्यांनी त्या अक्षरांवरून दोनदा बोट फिरवलं आणि कपाळाला लावलं. मग बायकोला हाक मारली. तिनेही लावलं.

मी पेढा खाल्ला.

निघताना म्हटलं, दादा, काम झालं, आता दर सोमवारी वर जाऊ नका. तर म्हणाले, "असं कसं? एवढ्या मोट्या बुकात नाव हाय माजं. आता सोडून नाय चालायचं." त्यांना थांबवायला एकच गोष्ट सांगावी लागली असती. ती मी सांगितली नाही. आता त्यांचे गुडघे गेलेत. काठी टेकत चढतात, मध्ये दोनदा बसतात म्हणे.

हे लिहितानाच फोन वाजला. "दोन मिनिटं पाच," दादा म्हणाले. धाप लागली होती. "लिवलंस ना गो बाय?"

"लिहिलं," मी म्हणाले. नोंदींची वही तीन वर्षांपूर्वीच रद्दीत गेली आहे.