मिठागरातला फोटो

खड्या मिठाची पिशवी फोडली की मला आत्याचं मिठागर आठवतं. तेव्हा कॅमेरा नवा होता, मी मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळं स्वतः जुळवून, फोटो काढायला शिकत होते. प्रकाश मोजणारा काटा मधल्या खुणेवर आला की फोटो बरोबर येतो, एवढंच ठाऊक होतं. काटा तसा आणून मिठाच्या ढिगाशी उभ्या आत्याचा फोटो काढला. स्क्रीनवर मीठ राखेसारखं दिसलं.

"आमचं मीठ असं मळकं नाय," आत्या म्हणाली.

भर उन्हात असं का व्हावं? मग लक्षात आलं, काटा पांढऱ्यालाही करडं धरूनच प्रकाश मोजतो. जास्त प्रकाश आत यावा म्हणून शटरचा वेग कमी केला, काटा खूण ओलांडून गेला आणि पुढच्या फोटोत मीठ पांढरंशुभ्र झालं. मी फोटोतल्या मिठाकडेच बघत राहिले.

आता तिथे इमारती आहेत. आज तो दुसरा फोटो पुन्हा उघडून पाहिला. मिठाबरोबर पदराखालचा आत्याचा चेहराही उजळलाय, आणि ती माझ्याकडे बघून हसतेय.